डमी लोड, टप्पा दुसरा: व्होल्ट-अँपिअरवरून ओहम आणि वॅट

१२ व्होल्टचे पॉवर सप्लाय तपासण्यासाठी डमी लोड (सप्लायवर मुद्दाम टाकायचा रेझिस्टरचा भार) बनवतोय, त्याचा पहिला रेझिस्टर बसला. १० ओहम, ५० वॅट, सोनेरी ॲल्युमिनियम खोळीचा. हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) थर्मल पेस्ट लावून स्क्रूने आवळलाय. असला रेझिस्टर नुसता टेबलावर ठेवून चालवला, तर त्याची क्षमता छापील आकड्याच्या निम्म्याहूनही खाली येते, तेव्हा '५० वॅट' वाचून निर्धास्त राहू नये.

कागदावरचा हिशेब: १२ ÷ १० = १.२ अँपिअर, १२ × १.२ = १४.४ वॅट.

प्रत्यक्षात सप्लायच्या टर्मिनलवर १२.०० व्होल्ट आणि मल्टिमीटरच्या १० अँपिअर रेंजवर १.१६ अँपिअर मिळाले. भागाकार १०.३४ ओहम. रेझिस्टर ५ टक्के टॉलरन्सचा आहे, म्हणजे ९.५ ते १०.५ मध्ये काहीही चालतं, त्यामुळे आकडा पटतो आणि गडबड इथेच होते. व्होल्टमीटरचे प्रोब उचलून थेट रेझिस्टरच्या पायांवर टेकवले की ११.६८ व्होल्ट दिसतात. ११.६८ ÷ १.१६ = १०.०७ ओहम. मधले ०.३२ व्होल्ट वायर, क्रोकोडाइल क्लिप आणि अँमीटरच्या आतल्या शंटने (करंट मोजण्यासाठी मधे घातलेल्या लहान रोधाने) खाल्ले. ०.३२ ÷ १.१६ म्हणजे जवळपास ०.२८ ओहम, आणि त्यांत साधारण ०.३७ वॅट उष्णता होऊन गेली. १० ओहमला हे अडीच-पावणेतीन टक्के झाले; १ ओहमच्या रेझिस्टरला हीच जोडणी ठेवली तर उत्तर १.२८ येईल. लहान रोधाला व्होल्टमीटर रेझिस्टरच्या अगदी पायांवरच हवा, क्लिपच्याही आतल्या बाजूला.

मोठ्या रोधाला नियम उलटा. १ मेगाओहमवर १० व्होल्ट दिले तर त्यातून १० मायक्रोअँपिअर जातात, पण पायांवर लावलेला १० मेगाओहमचा व्होल्टमीटर स्वतः आणखी १ मायक्रोअँपिअर ओढतो. अँमीटर ११ दाखवतो, उत्तर ०.९१ मेगाओहम. अशा वेळी व्होल्टमीटर अँमीटरच्या अलीकडे, सप्लायच्या बाजूला लावावा.

आता १०.०७ मधल्या शेवटच्या सातावर किती विश्वास ठेवायचा? साध्या मीटरची १० अँपिअर रेंजवरची अचूकता ±(१.५ टक्के + ३ अंक) धरली (अंक म्हणजे डिस्प्लेवरच्या शेवटच्या स्थानाचे, इथे ०.०१ चे), तर १.१६ वर चूक ०.०१७ + ०.०३, म्हणजे ०.०४७ अँपिअर. चार टक्के! उत्तर '१०.१ ± ०.४ ओहम' असंच लिहायला हवं, कॅल्क्युलेटरने कितीही दशांश दिले तरी. वॅट काढतानाही याच पायांवरचे व्होल्ट आणि करंट गुणावेत: ११.६८ × १.१६ = १३.५ वॅट. करंटचा वर्ग करून छापील १० ओहमने गुणलं, तर करंटमधली चूक वर्गामुळे दुप्पट होते आणि वर टॉलरन्सची भर पडते.

म्हणून करंटसाठी वेगळा शंट घातला: ०.१ ओहम, १ टक्का. १.१६ अँपिअरला त्यावर ११६ मिलिव्होल्ट येतात; २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ०.१ मिलिव्होल्ट दिसतो, म्हणजे १ मिलिअँपिअरपर्यंत वाचता येतं. शंटवर १.१६² × ०.१ = ०.१३ वॅट, तापण्याचा प्रश्न नाही. मोजायच्या दोन बारीक वायर शंटच्या पायांना आत, बॉडीजवळ सोल्डर केल्यात आणि जाड वायर बाहेरच्या बाजूला. या केल्व्हिन जोडणीत जाड वायरचा सांधा मोजमापाबाहेर राहतो. बारीक वायर बाहेर सोल्डर केली तर ०.१ ओहममध्ये सांध्याचे काही मिलिओहम मिसळतात आणि १ टक्क्याचा रेझिस्टर घेतल्याचा उपयोग उरत नाही.

तुलनेला १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्बही जोडून पाहिला. १२ व्होल्टला १.७५ अँपिअर, म्हणजे ६.९ ओहम. ६ व्होल्टला करंट निम्मा व्हायला हवा होता, पण १.२ अँपिअर आला: ५ ओहम, ७.२ वॅट. थंड फिलामेंट तर अर्ध्या ओहमच्या आसपास (मीटरच्या लीडचा रोध आधी वजा करा). बल्ब लोड म्हणून लावल्यावर तो थंड असताना खूप करंट ओढतो आणि सप्लायचं करंट लिमिट सुरुवातीलाच का लागतं, ते यातून कळतं. बल्बचा रोध लिहायचा तर सोबत व्होल्टही लिहावेत.

एक सावधगिरी. लोडला पीडब्ल्यूएमवर (झपाट्याने चालू-बंद करून) चालवणार असाल तर डीसी रेंजचे आकडे गुणू नका. १२ व्होल्ट, १० ओहम, ५० टक्के ड्यूटी (अर्धा वेळ चालू): मीटर सरासरी ६ व्होल्ट आणि ०.६ अँपिअर दाखवतो, गुणाकार ३.६ वॅट. रेझिस्टर मात्र अर्धा वेळ १४.४ वॅट सोसतो, म्हणजे ७.२ वॅट तापतो. हीटसिंक ३.६ वर निवडला तर बोंब.

पुढे असाच दुसरा १० ओहम समांतर येईल: ५ ओहम, २.४ अँपिअर, २८.८ वॅट. हीटसिंकला पंखा लागेल. शंटवरही २४० मिलिव्होल्ट होऊन मीटर वरच्या रेंजवर जाईल आणि एक अंक हातचा जाईल, म्हणून ०.१ चे दोन शंट समांतर करून ०.०५ ओहम करायचा आहे.