ड्रायव्हरचा शाफ्ट एक इंच कापून घेताना

माझा ड्रायव्हर, म्हणजे गोल्फमध्ये टीवरून लांब फटका मारायचा क्लब, आता बऱ्यापैकी सरळ जातो. दर वेळी नाही, पण टी-बॉक्सवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिल्यावर चेंडू साधारण कुठे पडेल हे मला आधी सांगता येतं, आणि इतकी वर्षं नेमकं तेच सांगता येत नव्हतं. उपाय सापडायला फार वेळ लागला नाही. तो अमलात आणायला, म्हणजे एका दुकानातून शाफ्ट (क्लबची दांडी) एक इंच कापून घ्यायला, अख्खा पावसाळा गेला. त्या दुकानाचा राग अजून गेलेला नाही. पण हेच काम तुम्हाला करून घ्यायचं असेल तर तुमचा तरी वेळ वाचावा, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आधी दुखणं काय होतं ते सांगते. मी उजव्या हाताने खेळते, बहुतेक येरवड्याच्या कोर्सवर, सुट्टीच्या दिवशी सकाळी. आयर्न (मधल्या अंतराचे क्लब) ठीक लागतात, पटिंगही ठीक. ड्रायव्हर मात्र एका होलवर उजवीकडे झाडांत, पुढच्या होलवर डावीकडे, आणि मध्येच एखादा असा सणसणीत की सोबतचे सगळे थांबून बघतात. त्या एका चांगल्या फटक्यामुळे आपण पुढे कित्येक महिने तसेच खेळत राहतो. चेंडू ओबी, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर, गेला की एक फटका दंड, आणि पुन्हा टीवरूनच मारायचं, म्हणजे तिसरा फटका तिथून. राउंडमध्ये असं दोन-तीनदा झालं की स्कोअरकार्डाकडे बघवत नाही.

या काळात ज्याने त्याने एकच सल्ला दिला: डोकं खाली ठेवा. चेंडू उजवीकडे गेला, डोकं उचललंत. डावीकडे गेला, डोकं उचललंत. क्लब चेंडूला वरवर घासून गेला, तरी डोकंच. एकाच कारणाने चेंडू कधी उजवीकडे आणि कधी डावीकडे का जावा, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

ते सांगितलं माझी क्लबची पिशवी वाहणाऱ्या कॅडीकाकांनी. एका राउंडनंतर क्लब पुसताना त्यांनी ड्रायव्हर उन्हात तिरका धरला आणि म्हणाले, "ताई, हे बघा." फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, चेंडूंचे पुसट गोल उमटले होते. एक घोळका हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला. काही पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे ज्याला 'टो' म्हणतात त्या बाजूला. मधोमध जवळजवळ कोरं. "तुमच्या सात नंबर आयर्नला असं नाही," असं म्हणून त्यांनी तेही काढून दाखवलं. त्याच्या फेसवर मधेच एक झिजलेला ठिपका होता. स्विंग तोच, माणूस तोच, आणि फरक एवढा.

मग मी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) व्हाइटबोर्डचा मार्कर घेऊन गेले. चेंडूच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा काळा ठिपका काढायचा, तो फेसकडे येईल असा चेंडू टीवर ठेवायचा आणि मारायचं. फेसवर शाईचा डाग उमटतो. फोटो काढा, कोरड्या फडक्याने पुसा, पुढचा मारा. फेस काळा असेल तर शाई दिसत नाही, तिथे टाल्कम पावडर बोटाने पातळ लावून घ्यायची. डाग आणि चेंडूची दिशा शेजारी शेजारी लिहून काढली आणि कोडं सुटलं.

ड्रायव्हरचा फेस किंचित फुगीर असतो आणि हेडचं (शाफ्टच्या खालच्या टोकाच्या जाड भागाचं) वजन फेसच्या बरंच मागे असतं. चेंडू मधे न लागता कडेला लागला की हेड त्या धक्क्याने वळतं, आणि दातेरी चाकं एकमेकांना फिरवतात तशी चेंडूला उलटी फिरकी मिळते. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू हीलला लागला तर उजवीकडे वळायला बघतो, टोच्या बाजूला लागला तर डावीकडे. फेसच्या खालच्या भागात लागला तर बॅकस्पिन (मागच्या दिशेची फिरकी) वाढतं, चेंडू फुग्यासारखा वर चढतो आणि पुढे जातच नाही. म्हणजे माझा स्विंग अगदी तोच राहिला तरी फटके दोन्ही बाजूंना जाणारच होते. स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) सुधारायला गेलं की हूक (डावीकडे वळणारा) वाढायचा, तो याचमुळे. मी बहुधा योग्य स्विंगचीच मोडतोड करत होते.

एक इथेच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. चेंडू सुरुवातीला ज्या दिशेने निघतो ती बहुतांशी फेस कुठे बघतोय त्यावर ठरते, स्विंग कुठून कुठे जातोय त्यावर नाही. जुन्या शिकवणीत हे उलटं सांगायचे. फटका मोजणारे, रडारवर चालणारे लाँच मॉनिटर आल्यावर ते खोडलं गेलं. तरीही रेंजवर आजही उलटंच ऐकायला मिळतं. ऐकून सोडून द्या.

चेंडू मधे का लागत नव्हता? लांबी. माझा ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांचा होता. दुकानात आयते मिळणारे पुरुषांचे ड्रायव्हर साधारण तेवढेच किंवा थोडे लांब असतात, कारण लांब शाफ्टने हेडचा वेग वाढतो आणि वेग विकला जातो. नियमात ४८ इंचांपर्यंत मुभा आहे, आणि २०२२ पासून मोठ्या स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा घालता येते. पण व्यावसायिक टूरवरचे कितीतरी खेळाडू, माझ्यापेक्षा चांगलेच उंच असूनही, ४५ किंवा त्याखालचे ड्रायव्हर वापरतात. त्यांतल्या रिकी फाउलरने २०१७ साली तर साडेत्रेचाळीस इंचांचा वापरला होता. ज्यांचं पोट या खेळावर आहे ते आखूड वापरतात आणि आपण रविवारचे खेळाडू लांब वापरतो, हे मला तेव्हा फार लागलं.

खात्री करायला खर्च शून्य. ग्रिप एक इंच खालून धरली आणि मार्करचे डाग पुन्हा बघितले. सगळेच मधे आले असं नाही, पण घोळका मधल्या भागात सरकला आणि टोच्या बाजूचे डाग जवळजवळ संपले. दिवस बदलून, रेंज बदलून बघितलं, तेच. मग खालून धरूनच का खेळत राहिले नाही? कारण ग्रिप खाली निमुळती होत जाते, हाताला बारीक लागते, आणि घाईत हात आपोआप वर सरकतात. म्हणून कापून घ्यायचं ठरवलं.

आणि इथून दुकान सुरू झालं.

काउंटरवरच्या माणसाने आधी वॉरंटीची भीती घातली. वॉरंटी संपली होती, तसं सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, लेडीज ड्रायव्हर घ्या ना, तो आखूडच येतो." माझ्या शाफ्टची लवचीकता मला बरोबर बसते, लॉफ्ट (फेसचा कल) बरोबर बसतो, फक्त एक इंच कमी हवाय, हे मी शांतपणे सांगितलं. मग जॉबकार्ड निघालं. त्यावर तीन चौकटी: ग्रिप बदलणे, शाफ्ट बदलणे, लॉफ्ट-लाय (हेडचे कोन). लांबी कमी करण्याची चौकटच नाही. त्याने "शाफ्ट बदलणे"वर खूण केली आणि शेऱ्यात "१ इंच" लिहिलं. मी तिथल्या तिथे म्हटलं, शाफ्ट बदलायचा नाहीये, आहे तोच कापायचाय. उत्तर मिळालं, "सिस्टीममध्ये असंच टाकावं लागतं. कारागिराला कळतं."

कारागिराला कळण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. पाऊस सुरू झाला, कोर्स ओला झाला, मी फोन करत राहिले. "पुढच्या आठवड्यात." "कारागीर दुसऱ्या शाखेत गेलेत." मग एकदा एका मुलीने फोन उचलला आणि सरळ सांगितलं, "शाफ्ट अजून आलेला नाही, मॅडम."

"कुठला शाफ्ट?"

"तुम्ही ऑर्डर केलेला."

म्हणजे माझा ड्रायव्हर इतके दिवस, कोणीच न मागवलेल्या शाफ्टची वाट बघत, मागच्या खोलीत पडून होता. मी दुकानात गेले. कार्ड दुरुस्त करा म्हटलं, तर ज्याने बनवलं त्यालाच ते बदलता येतं. तो गणपतीला गावी गेला होता. मॅनेजरना विचारलं, तर ते म्हणाले की ऑर्डर रद्द करून नवं कार्ड करावं लागेल, आणि नवं कार्ड म्हणजे रांगेत पुन्हा शेवटून. चूक त्यांच्या कार्डाची, रांग माझी. मी त्या दिवशी काउंटरवरून हलले नाही. आवाज चढवला नाही, पण हलले नाही. शेवटी मॅनेजरनी स्वतः नवं कार्ड लिहिलं आणि जुन्या तारखेवर घेतलं.

नवं कार्ड मी ओळ न् ओळ वाचलं, आणि ते किती बरं झालं! त्यावर लिहिलं होतं: "टिप ट्रिम १ इंच." टिप म्हणजे हेडकडचं टोक. तिथून कापलं की शाफ्ट चांगलाच कडक होतो आणि फटक्याचं सगळं वागणंच बदलतं. लांबी कमी करायची तर ग्रिप काढून वरच्या टोकाकडून कापतात, मग नवी ग्रिप बसवतात. वरून कापल्यानेही शाफ्ट थोडा कडक लागतो, पण नगण्य. मी "टिप" खोडायला लावून "ग्रिपकडून" लिहून घेतलं, शेजारी सही घेतली, फोटो काढला. टिपकडून कापलेला शाफ्ट पुन्हा पूर्ववत करता येत नाही. ही एक गोष्ट कारागिराला कळेल असं धरून चालू नका.

काम एकदाचं झालं. लांबी बरोबर साडेचव्वेचाळीस, ग्रिप नवी, कापही स्वच्छ. कारागिराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. भेटला तेव्हा सगळं नीट समजावून सांगणारा माणूस निघाला. पण क्लब हातात घेतला तर हेड आहे की नाही तेच कळेना. मला हे अपेक्षित होतं, म्हणून स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) मोजून द्या असं आधीच सांगून ठेवलं होतं. अर्धा इंच कमी झाला की स्विंगवेट साधारण ३ अंकांनी उतरतं, इंचाला ६. माझा डी-२ होता, तो सी-६ वर आला (या मापात सी-९ नंतर डी-० येतो). हेड हलकं वाटलं की आपण हाताने ओढायला लागतो आणि एक इंचाने मिळवलेलं सगळं घालवून बसतो. भरपाई म्हणून हेडला वजन लावावं लागतं. ढोबळमानाने २ ग्रॅमला १ अंक. सोलमधला, म्हणजे हेडच्या तळातला, जड स्क्रू मिळेल का विचारलं, तर तो मागवावा लागेल. "मागवावा लागेल" हे शब्द ऐकल्यावर मी क्लब उचलला, काउंटरवरून शिशाच्या टेपचं पाकीट घेतलं आणि घरी आले.

घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुढ्यात घेऊन बसले. टेपच्या पट्ट्या कापून दोन-दोन ग्रॅमचे गठ्ठे केले, आणि सोलच्या मागच्या बाजूला, मधोमध, एकेक लावत गेले. प्रत्येक गठ्ठ्यानंतर गच्चीवर जाऊन डोळे मिटून सावकाश स्विंग. हिशोबाने १२ ग्रॅम लागायला हवे होते, पण ८ वरच हेड कुठे आहे हे वर नेल्यावरही जाणवायला लागलं. तिथेच थांबले. बोटाच्या नखाने पट्ट्यांच्या कडा दाबून बसवल्या, आजही जागच्या हललेल्या नाहीत. शिसं आहे, हात साबणाने धुवा, आणि तो काटा वापरताना खाली कागद घाला.

आता फरक काय पडला? माझा सगळ्यात लांब फटका पूर्वीइतका लांब जात नाही. पण सरासरी फटका लांब जातो, कारण मधे लागलेल्या चेंडूला वेग मिळतो आणि कडेला लागलेला तो गमावतो. ओबी जवळपास थांबलं. फेअरवे (होलचा मधला, बारीक गवताचा पट्टा) चुकला तरी चेंडू पुढचा फटका मारता येईल अशा जागी सापडतो. टूरवरचे खेळाडूसुद्धा सरासरी दहांतले सहाच फेअरवे पकडतात, त्यामुळे दर वेळी मधोमध पडायला हवा हा हट्ट मी सोडून दिला आहे. कॅडीकाकांनी परवा फेस पुसताना पुन्हा उन्हात धरला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पिशवीत ठेवून दिला. मला फार बरं वाटलं.

ड्रायव्हर दुकानात अडकला होता तेव्हा, पाऊस उघडेल तसं, मी टीवरून तीन नंबर वुड (ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब) मारत होते. तोही चांगला चालला. त्याची लांबी साधारण ४३ इंच, म्हणजे गोष्ट तीच. अरुंद होलवर मी अजूनही तोच काढते. ड्रायव्हर कापायचा की नाही हे ठरत नसेल तर महिनाभर वुडने टी-ऑफ करून बघा, निर्णय सोपा होईल.

दुकानात जाताना चार गोष्टी लिहून न्या आणि कार्डावर त्यांच्या हाताने लिहून घ्या: शेवटची लांबी किती हवी (किती कापायचं ते नव्हे), कुठल्या टोकाकडून कापायचं, आधीचं आणि नंतरचं स्विंगवेट, आणि कोणती ग्रिप. ती लांबी ग्रिपच्या टोपीसकट मोजायची की तिच्याशिवाय, तेही लिहून घ्या, नाहीतर थोडं इकडे तिकडे होतं.

टीची उंची मी वर लिहायला हवी होती. ड्रायव्हर जमिनीवर टेकवल्यावर चेंडूचा अर्धा भाग, म्हणजे साधारण २ सेंटिमीटर, हेडच्या वर दिसायला हवा. आपल्या रेंजवरच्या मॅटमधल्या रबरी टी बहुतेक ठिकाणी एकाच उंचीच्या आणि वरून झिजलेल्या असतात. त्यावर चेंडू खाली बसतो आणि फेसच्या खालच्या भागात लागतो. त्यावरून आपला ड्रायव्हर बिघडलाय असं ठरवू नका. मी मार्करची चाचणी नेहमी मॅटच्या पुढे, गवतात लाकडी टी खोचून करते. रेंजवाले हरकत घेतात, पण सकाळी लवकर गेलं आणि आधी विचारलं तर कडेची एखादी जागा देतात. टीवर पेनाने रेघ मारून ठेवा, म्हणजे दर वेळी तेवढीच आत जाईल.