दादांची गाठ परत येईल का? आमच्या कुटुंबाचा अनुभव

थोरल्या भावाच्या मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया छत्रपती संभाजीनगरला झाली आणि त्या दिवसापासून परभणीला घरी येणारा प्रत्येक माणूस एकच विचारू लागला, की गाठ परत येईल का. शल्यविशारदांनी आम्हाला सांगितले होते, की किती गाठ उरली हे एमआरआय सांगेल, ती पुढे कशी वागेल याचा अदमास तिच्या पेशींतील जनुकांवरून येईल, आणि दोन्ही हाती आल्याशिवाय मी काही बोलणार नाही. त्या वेळी हे उत्तर कोरडे वाटले, पण पुढचा सगळा प्रवास त्याच वाटेने झाला.

पहिला एमआरआय शस्त्रक्रियेनंतर ७२ तासांच्या आतच करून घेतला. त्यानंतर जखम भरून येताना तिच्या कडाही रंगद्रव्याच्या इंजेक्शनने उजळतात आणि उरलेली गाठ वेगळी ओळखणे कठीण होते.

काढलेल्या गाठीच्या तुकड्याच्या पहिल्या अहवालात ग्लिओमा, म्हणजे मेंदूतील आधार पेशींची गाठ, हे निदान होते आणि आयडीएच या जनुकात बदल नसल्याची नोंद होती. मात्र ही तपासणी काचपट्टीवर रंग देऊन केलेली होती आणि त्या पद्धतीत या जनुकातला एकच, सर्वांत जास्त आढळणारा बदल दिसतो. ग्लिओमातील आयडीएच बदलांपैकी सुमारे ९० टक्के तोच असतो, उरलेले निसटतात. दादांचे वय ५५ पेक्षा बरेच कमी असल्याने डॉक्टरांनी जनुकाची क्रमवाचन तपासणी, म्हणजे त्यातील अक्षरे ओळीने वाचणारी तपासणी, करायलाच हवी असा आग्रह धरला, आणि गाठीचा मेणातला ठोकळा मुंबईच्या प्रयोगशाळेत गेला. अहवालाची ती वाट पाहणे फार जड गेले. आयडीएचमधला एक विरळ बदल सापडला. एटीआरएक्स प्रथिन गेलेले होते, पण १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे भाग शाबूत होते, म्हणून ती अ‍ॅस्ट्रोसायटोमा या प्रकारची ग्लिओमा, श्रेणी ३ ठरली (श्रेणी जितकी वरची, तितकी गाठ आक्रमक; ४ ही सर्वांत वरची). सीडीकेएन२ए/बी या जनुकांच्या दोन्ही प्रती नाहीशा झाल्या असत्या, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार, सूक्ष्मदर्शकाखाली काहीही दिसो, तीच गाठ श्रेणी ४ ची धरली गेली असती. आयडीएच बदल नाही म्हणणाऱ्या पहिल्याच अहवालावर थांबलो असतो, तर फार लवकर उलटणाऱ्या गाठींत तिची गणना झाली असती. म्हणून ही तपासणी कोणीही खर्चाच्या भीतीने टाळू नये, असे मला मनापासून वाटते.

खरी कसोटी रेडिएशननंतर लागली. टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या सुरू होत्या आणि पहिल्याच एमआरआयमध्ये डाग आधीपेक्षा मोठा व उजळ दिसला. वहिनींनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल असेच मनाशी धरले. डॉक्टरांनी मात्र एमजीएमटीचा अहवाल पुढे ठेवला: गाठीत या डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकाच्या प्रवर्तकावर, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या भागावर, मिथाइल गट चिकटलेले होते, म्हणजे ते जवळपास बंद होते, त्यामुळे औषधाने केलेली मोडतोड गाठीला भरून काढता येत नव्हती. अशा रुग्णांत रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत स्यूडोप्रोग्रेशन, म्हणजे उपचाराच्या परिणामाने आलेली सूज गाठीसारखी दिसणे, अधिक आढळते. मग रक्तपुरवठा मोजणारा परफ्युजन एमआरआय केला. वाढणारी गाठ नव्या रक्तवाहिन्या तयार करते, त्यामुळे तिथले रक्ताचे प्रमाण वाढते. दादांच्या डागात ते वाढलेले नव्हते. डागातली रसायने मोजणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपीचा निष्कर्ष मात्र संदिग्ध आला आणि डॉक्टरांनी तोही आमच्यापासून लपवला नाही. गोळ्या तशाच चालू ठेवल्या, सूज कमी करणारे स्टेरॉइड दिले, आणि पुढच्या एमआरआयमध्ये डाग आकसलेला दिसला.

संगणकाकडून चित्रांतली सूक्ष्म लक्षणे मोजून, त्यांना जनुकांची माहिती जोडून पुनरुद्भवाचा अंदाज बांधण्याचे संशोधन चालू आहे. त्याविषयी मी विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, की एका यंत्रावरच्या चित्रांवर शिकलेले गणित दुसऱ्या यंत्रावर चुकू शकते. हे आम्हाला पटले, कारण परभणीत केलेला एक एमआरआय वेगळ्या शक्तीच्या यंत्रावरचा असल्याने आधीच्या चित्रांशी ताडून पाहताना अडचण आली होती. तेव्हापासून प्रत्येक तपासणी एकाच केंद्रात करतो. संथ वाढणारी गाठ केवळ मागच्या एमआरआयशी तुलना केली तर बदललेली दिसतच नाही, म्हणून प्रत्येक भेटीला मी शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चित्रांची सीडी सोबत नेतो आणि नव्या चित्रांची तुलना तिच्याशीही करण्याची विनंती करतो.