वेतोबाला हिट पॉइंट नाहीत

लोअर परळच्या प्रेसला रात्रीपर्यंत शेवटची पानं हवी होती आणि मॉन्स्टरांचा विभाग अजून फुगलेलाच होता. 16 पानांचे दोन फर्मे, म्हणजे 32 पानं. त्यातली दोन नियमांची, बाकी पानाला एक मॉन्स्टर, चित्रासकट. यादीत नावं होती त्याच्या तिप्पट. मराठीतून खेळता येईल असा फँटसी रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र वठवत खेळायचा खेळ, आम्ही काही जण दादरच्या एका खोलीत बसून तयार करत होतो, आणि मी संपादक, त्यामुळे कात्री माझ्या हातात.

मूळ नियमपुस्तकात कोण असावं हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पुढची पुस्तकं कुणी घेतं, कुणी घेत नाही. पहिलं सगळ्यांकडे असतं, आणि त्यात जे नाही ते बहुतेक टेबलांवर कधी येतच नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अशा प्रकारचा अमेरिकी खेळ 1974 मध्ये आला तेव्हा त्याच्या तीन पातळ पुस्तिकांपैकी एक अख्खी मॉन्स्टर आणि खजिन्याला दिलेली होती. 2008 मध्ये त्याच्या चौथ्या आवृत्तीच्या पहिल्या मॉन्स्टर-पुस्तकात सोन्याचांदीचे, म्हणजे धातूंचे ड्रॅगन नव्हते, ते पुढच्या वर्षीच्या पुस्तकात आले. आमच्या डिझायनरला ते अजून बोचतं.

सकाळचं काम भराभर झालं. गॉब्लिन, सांगाडे, ड्रॅगन राहिले. बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर हे मॉन्स्टर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या कंपनीने स्वतःसाठी राखून ठेवलेले, म्हणून बाद. ट्रोलवर चर्चाच झाली नाही. त्याच्या जखमा आपोआप भरतात, आग किंवा अ‍ॅसिड लागलं तरच तो थांबतो. नवा खेळाडू एका चकमकीत शिकतो की नुसती तलवार चालवून भागत नाही. माझी कसोटी हीच होती: हा समोर आला की खेळाडू असं काय करतील, जे दुसऱ्या कुणासमोर करणार नाहीत?

या कसोटीवर जेलॅटिनस क्यूब राहिला. दहा फुटी बोळ गच्च भरून सरकत येणारा हा दहा फुटी पारदर्शक ठोकळा, भुयारात खेळायच्या खेळाशिवाय कुठे जन्मलाच नसता. रस्ट मॉन्स्टरही राहिला. तो लोखंड खातो, त्यामुळे चिलखत घातलेला योद्धा सर्वांत आधी पळतो आणि काठीवाला पुढे होतो. आउलबेअर मात्र मी कापला. तो आणि रस्ट मॉन्स्टर, दोघेही हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांवरून सुचलेले, दोघेही तितकेच जुने. पण घुबडाचं तोंड काढून टाकलं तर आउलबेअर म्हणजे अस्वलच. डिझायनर तासभर माझ्याशी बोलला नाही.

राक्षसापाशी आम्ही खरे अडलो. अमेरिकी खेळात तो 1975 मध्ये आला, एका टीव्ही मालिकेच्या भागावरून. 1977 च्या पुस्तकातल्या चित्रात त्याला वाघाचं डोकं आहे, अंगात कोट आणि हातात पाईप. चित्र सुरेख आहे. पण आपल्याकडे राक्षस ही वंशावळी असलेली माणसं आहेत. रावण राजा, बिभीषण राजा, घटोत्कच तर भीमाचा मुलगा, पांडवांच्या बाजूने लढून मेलेला. हिडिंबेच्या लेकाला मी भुयारात मारायला उभा करणार नव्हते. राक्षस मॉन्स्टर विभागातून काढला आणि खेळाडूंना निवडता येणाऱ्या वंशांमध्ये घातला. चित्रकार ताईंनी जेवणाच्या सुट्टीत नवं चित्र काढायला घेतलंसुद्धा.

दुपारी प्रूफं वाचणारे काका आले. शिरोड्याकडचे. वेताळाच्या पानावर त्यांची पेन्सिल थांबली. हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाऊन मरतो तो आकडा, 120, अशुभ, एकट्या प्रवाशावर हल्ला. त्यांनी चष्मा काढला.

"आमच्या वेतोबाक मारतलो कोण?"

काका रागावले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. शिरोड्याशेजारी आरवलीला वेतोबाचं, म्हणजे वेताळाचंच, देऊळ आहे. नवस फेडायला लोक केळ्यांचे घड आणतात आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. रात्री देव गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. डिझायनर म्हणाला, "काका, अमेरिकी खेळाच्या 1980 च्या एका पुस्तकात त्यांनी इंद्राला आणि कालीलाही हिट पॉइंट दिलेत." काका म्हणाले, "दिले असतील. त्यांका तिथे कोण नवस बोलत नाय."

यापुढे वाद घालायचं मला कारण दिसेना. ज्याच्यापुढे आज कुणी हात जोडून उभं राहतं, त्याला मारून किती गुण मिळतात हे मी छापणार नाही. वेताळ खेळातल्या जगाच्या प्रकरणात गेला, सीमेचा राखणदार म्हणून. त्याला वहाणा वाहणाऱ्या टोळीला त्या हद्दीत रात्रीची झोप निर्धास्त मिळते, एवढाच नियम.

मग बाकीची कोकणी भुतंही पुन्हा तपासायला घेतली. आमचा मुख्य आधार एन्थोवेन यांनी 1915 मध्ये मुंबईत प्रसिद्ध केलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या नोंदी. मूळ साहित्य जमवलं होतं ए. एम. टी. जॅक्सन यांनी, म्हणजे 1909 मध्ये नाशकात अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या तेच कलेक्टर. नोंदी अमोल आहेत, पण त्यांत भुतांची वाटणी बरीचशी मेलेल्या माणसाच्या जातीवरून आहे. मेल्यावरही जात सुटू नये, हे मला वाचवत नाही. खवीस आणि त्याच्या शेजारची नावं मी काढली. मुंजा ठेवला, पण त्याला तलवारीने संपवता येत नाही. त्याची राहून गेलेली सोडमुंज कुणीतरी लावायची, मग तो पिंपळ सोडतो.

वेताळाच्या जागी एक पान रिकामं झालं. त्याला उमेदवार दोन: आउलबेअर किंवा चकवा, म्हणजे वाट चुकवणारं भूत. संध्याकाळी माटुंग्याहून कॉलेजची पोरं चाचणीच्या खेळाला आली तेव्हा गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, मी चकवा चालवायला सांगितला. जंगलात रात्र. पोरं उत्तरेला गेली, एका फणसापाशी आली. पूर्वेला गेली, तोच फणस. कुणी लांब दिसणाऱ्या दिव्यांवर बाण सोडले, कुणी वीस बाजूंचा फासा टाकून मंत्र म्हटला. पाऊण तास आवाज चढत गेले. मग खेडची एक मुलगी म्हणाली, "थांबा रे. आजी सांगायची, चकवा लागला की चालायचं नाही. उजाडेपर्यंत बसून राहायचं." गेम मास्टरने माझ्याकडे पाहिलं. नियमातही तेवढंच लिहिलं होतं आणि पोरांनी तो वाचलेला नव्हता.

त्यांनी फणसाखाली बसून एकमेकांच्या पात्रांना गाव, आईवडील, घर का सोडलं ते विचारायला सुरुवात केली. तोवर त्यांना एकमेकांची नुसती शस्त्रं ठाऊक होती. डिझायनर माझ्या शेजारी उभा राहून ऐकत होता. "दे ते पान चकव्याला," तो म्हणाला. "पण आउलबेअर दुसऱ्या पुस्तकात पहिल्या पानावर."

मी हो म्हटलं आणि फाइल प्रेसला पाठवली.