परिषद जानेवारीत, आन् नवराबायको उसाच्या फडात

जानेवारीत दोन दिवस संभाजीनगरला (तोंडात अजून औरंगाबादच येतं, काय करणार) आमच्या क्षेत्रातल्या लोकांची परिषद होती. म्हणजे नवराबायकोची भांडणं ऐकणारे आम्ही समुपदेशक, घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी, भरोसा सेलचे (बायका-मुलांच्या तक्रारी ऐकणारा कक्ष) पोलीस, वन स्टॉप सेंटरच्या (अत्याचार झालेल्या बाईला सगळी मदत एकाच ठिकाणी देणारं केंद्र) ताया, कौटुंबिक न्यायालयातले दोघंतिघं, असा सगळा गोतावळा. बीड जिल्ह्यातल्या आमच्या केजहून पहाटेची गाडी धरली, अर्धं तिकीट, सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, कारण परिषदेतलं पनीर मला झेपत नाही. गेवराईपर्यंत झोपले, पाचोडला चहा.

उद्घाटनाचं काय सांगू. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांपेक्षा लांब. बॅग मात्र चांगली दिली, चेन पक्की आहे.

सकाळचं एक सत्र खरंच आवडलं. एका मॅडमनी ऑस्ट्रेलियातली पद्धत सांगितली. तिथं २००६ मध्ये सरकारनं कौटुंबिक नात्यांसाठी मदत केंद्रं काढली, आधी १५ आणि दोन वर्षांत ६५ झाली. मुलं कुणाकडं राहायची यावरून कोर्टात जायचं असेल तर आधी मध्यस्थासमोर बसायचा प्रयत्न करावा लागतो, त्याचा दाखला लागतो, पण मारहाण किंवा जिवाला धोका असेल तर ती अट सुटते. मला हे शेवटचं महत्त्वाचं वाटलं, कारण आपल्याकडं उलटं होतं, मार खाल्लेली बाई आली की पहिलं वाक्य काय, तर "बघा ना जरा, मिटतंय का". खरं तर आपला घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे, त्याच्या नियमात लिहिलंय की समुपदेशन करायचं तर आधी त्या माणसाकडून पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी घ्या. किती ठिकाणी घेतात? मी विचारलं नाही, कारण मलाच कुणी विचारलं असतं तर पंचाईत झाली असती.

जेवणानंतर ज्याची मला भीती होती तेच. एकेक जण माईकवर येऊन आपल्या केंद्राचा हिशेब सांगायला लागला, किती अर्ज आले, किती समेट झाले, आणि समेटाचा आकडा मोठा आला की टाळ्या. आमच्या रजिस्टरलाही तो रकाना आहेच, महिनाअखेरीला वर पाठवावा लागतो. माझी पाळी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच बाई घोळत होती.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी, दोन लेकरं, धारूरकडच्या डोंगरातलं गाव. नवरा दारू पिऊन मारतो, हातावर वळ होते, तिनं स्वतः अर्ज दिला होता. तारखेला नवरा आला आणि त्याच्यासोबत आणखी एक जण येऊन बसला, पांढरा शर्ट, खिशात वही. मला वाटलं दीर असेल. तो मुकादम निघाला, म्हणजे ऊसतोडीला मजुरांची टोळी नेणारा. मी म्हणलं तुम्ही बाहेर बसा, तर म्हणतो,

"मॅडम, तुमी काय मिटवायचं ते मिटवा, माझं काय म्हणणं न्हाई. पर माझी सव्वा लाख उचल हाय दोघांवर. बाई माहेरी गेली तर अर्धा कोयता होतो. अर्ध्या कोयत्याला टोळीत घिऊन मी काय करू?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकते, किंवा दोघंही तोडतात, आणि हंगामाआधी जी रक्कम मिळते ती उचल जोडीवरच असते. एकटा माणूस अर्धा कोयता. त्यामुळं पोरांची लग्नं घाईत उरकतात, बालविवाह थांबवायला आम्ही गावात जातो तेव्हाही मूळ कारण बरेचदा हेच निघतं.

मुकादमाला बाहेर काढलं आणि पोरीला विचारलं तुला काय पाहिजे. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, मग म्हणाली, "मला त्याच्यासंगं ऱ्हायचं न्हाई. पर पैसं फिटस्तोवर जावं लागंल ना माय. माझा बाप कुठून भरंल?" मी तिला संरक्षण आदेशाचं सांगितलं, म्हणजे नवऱ्यानं पुन्हा मारू नये असा कोर्टाचा हुकूम, महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर लिहून दिला, कागद घडी करून तिनं लेकराच्या टोपीत ठेवला. आठ दिवसांनी टोळी सांगलीकडं गेली, ती पण गेली. आणि रजिस्टरमध्ये मी काय लिहिलं? "समेट. एकत्र राहण्यास गेले." माझ्या हातानं लिहिलंय.

माझी पाळी आली तेव्हा मी आकडे वाचले नाहीत, हीच गोष्ट सांगितली, ती पण धड नाही, तीन मिनिटांची बेल मध्येच वाजली. टाळ्या नाहीत. अध्यक्ष म्हणाले विषय चांगला आहे पण जरा वेगळा आहे. वेगळा कसा? आमच्या तालुक्यात दसरा-दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत निम्मी घरं बंद असतात, म्हातारी माणसं आणि कोंबड्या सोडल्या तर गावात कुणी नसतं, आणि आम्ही नोटिसा काढतो अकरा वाजता दोघांनी हजर राहावं म्हणून. दोघं फडात, पहाटे चारला कोयता हातात, उसाचं वाळलेलं पाचट अंगावर. नोटीस परत येते, दोन तारखा हुकल्या की फाईल बंद, "अर्जदारास स्वारस्य नाही".

चहाच्या वेळी मात्र जालन्याच्या एक बाई स्वतःहून शोधत आल्या. "ताई, आमच्याकडं बी हेच चालायलंय." त्या वयानं मोठ्या, बोलायला एकदम मोकळ्या, त्यांच्याकडून मला कामाची गोष्ट कळली जी मी कायद्यात वाचून विसरले होते: घरगुती हिंसाचाराचा अर्ज बाई जिथं तात्पुरती राहते तिथंही करता येतो, कलम २७. म्हणजे फडाजवळ कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहणारी बाई सांगलीच्या, कोल्हापूरच्या न्यायालयात जाऊ शकते, तिला केजपर्यंत यायची गरज नाही. त्या काय करतात, तर टोळी निघायच्या आधी बाईकडून कारखान्याचं नाव आणि सोबतच्या एखाद्या बाईचा मोबाईल नंबर लिहून घेतात, कारण स्वतःचा मोबाईल नवऱ्याकडं असतो, आणि मग त्या भागातल्या संरक्षण अधिकाऱ्याला आधीच फोन करून ठेवतात. इतकी साधी गोष्ट. मी धपाटे दिले त्यांना, अर्धा डबा तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फीडबॅक फॉर्म. जेवण कसं होतं, हॉल कसा होता, एक ते पाच गुण द्या. खाली "सूचना" असा दोन ओळींचा रकाना होता, तिथं लिहिलं की पुढची परिषद जूनमध्ये घ्या, तेव्हा आमची माणसं गावात असतात, आणि जमलं तर दोन बायकांना आणि एका मुकादमाला पण माईक द्या. शेजारच्या सरांनी वाकून वाचलं आणि हसले. हसू द्या.

येताना बीडला गाडी बदलायची होती तेवढ्यात एक अनोळखी नंबर आला. ती नव्हती, तिच्या टोळीतली दुसरी बाई होती, मागं ट्रॅक्टरचा आवाज. "मॅडम, तिनं इचारायला लावलंय, पाडव्यानंतरची तारीख भेटंल का?" मी म्हणलं भेटंल, पण आधी हे सांग, कारखाना कोणता आणि तालुका कोणता. स्टँडवर उभ्या उभ्या त्या नव्या बॅगेतल्या वहीत पहिली ओळ तीच लिहिली.