बाळंतिणीचं ऑनलाइन समुपदेशन: आधी खोलीचं दार लावून घ्या

बडोद्यात दांडिया बाजारातल्या भरल्या घरात बाळंतीण एकटी अशी सापडतच नाही. समुपदेशक व्हिडिओवर विचारते, "झोप लागते का?" आणि शेजारी सासूबाई शेगडी पेटवत असतात. उत्तर येतं, "हो, सगळं छान." ते सत्र फुकट गेलं समजा. म्हणून वेळ बाळाला पाजून झाल्यावरची घ्यावी, कानात इअरफोन असावेत आणि घरच्यांनी तेवढा वेळ बाळाला दुसऱ्या खोलीत न्यावं. तेही जमत नसेल तर बोलण्याऐवजी टाइप करून उत्तरं द्यावीत.

बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला मदत करणारी एडिनबरो प्रश्नावली 1987 पासून वापरात आहे. 10 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, आणि उत्तरं फक्त गेल्या 7 दिवसांची. ती बाईनं स्वतः भरायची. नवऱ्यानं फोन हातात धरून "हिला काही नाही" म्हणत भरलेली कचऱ्यात टाकावी. बेरजेतही घोटाळा होतो, कारण 1, 2 आणि 4 या प्रश्नांत पहिल्या पर्यायाला 0, तर बाकीच्या सातांत 3 गुण असतात. बेरीज 13 किंवा जास्त आली की डॉक्टरांना दाखवायचं. हे निदान मात्र नव्हे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे "कधीच नाही" सोडून काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी बोलायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं तर डिंकाच्या लाडवांवर भागवू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. थकवा आणि उदासी तिथूनही येते. अंगावर पाजताना नैराश्यावरच्या गोळ्या चालतच नाहीत, हाही गैरसमज. सर्ट्रालिन हे त्यातलंच एक औषध, ते दुधात फारच कमी उतरतं. घ्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, शेजारीण नव्हे.

झोप नाही तरी थकवा नाही, भलते संशय, नसलेले आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल विचित्र बोलणं: इथे ऑनलाइन काही करत बसू नये. बाळाला तिच्याजवळ एकटं न ठेवता थेट सयाजी रुग्णालय गाठावं किंवा 108 ला फोन करावा. एरवी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

बाळंतीण माहेरी असते, नोंदीत पत्ता सासरचा. समुपदेशकानं प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला "आत्ता कुठे आहात, जवळ कोण आहे, त्यांचा नंबर काय?" हे विचारून लिहून घ्यावं.