शेवटच्या धावपटूपासून मांडलेलं गणित: ट्रेल रनर ते आयोजक

ट्रेलवर, म्हणजे डोंगर-जंगलातल्या पायवाटेवर, नियमित पळणाऱ्याला स्वतःचा हिशोब पक्का ठाऊक असतो: पाणी किती घ्यायचं, चढ कुठे चालून काढायचा, कुठे माघार घ्यायची. शर्यतीच्या आयोजनात हाच हिशोब सर्वात मागून येणाऱ्यासाठी करायचा असतो. मार्ग, कटऑफ (पोहोचण्याची शेवटची वेळ), पाणी, मार्शलची (वाटेवर उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकाची) पाळी या सगळ्या गोष्टी त्याच्या वेगावरून ठरतात. पहिल्या दहांत येणारे कशाही व्यवस्थेत पोहोचतात.

सुरुवात स्वीपरपासून

स्वतःचा इव्हेंट घेण्याआधी दुसऱ्यांच्या इव्हेंटमध्ये स्वीपरचं, म्हणजे सर्वात मागून चालत येणाऱ्या स्वयंसेवकाचं, काम करावं, यासारखं शिक्षण नाही. खुणेच्या फिती कुठे विरळ पडल्या, कोणतं पाण्याचं टेबल कोरडं झालं, कोणता मार्शल वेळेआधी उठून गेला हे फक्त मागून चालणाऱ्यालाच दिसतं. स्वीपर नेहमी दोघे ठेवा. एक शेवटच्या माणसासोबत राहील, दुसरा फिती काढेल आणि प्रत्येक मार्शलला मोकळं करत येईल. एकटाच असला आणि कुणाचा पाय मुरगळला, तर दोन्ही कामं तिथेच अडतात.

त्यानंतर 20-30 जणांची, 5 किमीची टाइम ट्रायल (वेळ मोजून पळणं), दर वेळी त्याच मार्गावर. दर आठवड्याला होणाऱ्या 5 किमीच्या मोफत धावेची, म्हणजे पार्करनची, सुरुवातही अशीच झाली: 2 ऑक्टोबर 2004, लंडनचं बुशी पार्क, 13 धावपटू. मार्ग तोच राहिला की प्रत्येक त्रुटी पुन्हा त्याच जागी दिसते आणि दुरुस्त करता येते. दर वेळी नवा मार्ग शोधण्याचा मोह सुरुवातीला टाळावा.

मोजणी आणि कटऑफ

दाट झाडीत आणि नागमोडी उतारावर जीपीएस घड्याळ कोपरे कापतं, त्यामुळे अंतर कमी भरतं. चढाच्या आकड्यात फरक आणखी मोठा, कारण काही घड्याळं हवेच्या दाबावरून उंची काढतात आणि काही नकाशावरून. वेगवेगळ्या घड्याळांनी किमान तीन फेऱ्या मोजा आणि मधला आकडा धरा.

मार्ग किती कठीण हे सांगायला इट्रा या आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनेचं किमी-एफर्ट हे माप सोपं आहे: अंतराच्या किलोमीटरमध्ये दर 100 मी चढामागे 1 मिळवायचा. 10 किमी आणि 400 मी चढ म्हणजे 14. कटऑफसाठी मात्र 1892 सालचा, स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा नियम जास्त कामाचा. तासाला साधारण 5 किमी, वर दर 100 मी चढाला 10 मिनिटं. याच मार्गाला 2 तास अधिक 40 मिनिटं, म्हणजे 160 मिनिटं. चिखल किंवा उकाड्यासाठी 20 टक्के वाढवले की 192. कटऑफ सव्वातीन तास ठेवा.

मधला कटऑफ अंतराच्या निम्म्यावर निम्मा वेळ असा कधीच ठेवू नये. पहिल्या 5 किमीत 300 मी चढ असेल तर तिथपर्यंत 108 मिनिटं लागतात आणि उरलेल्या 5 किमीला 84. निम्मा वेळ म्हणजे 96 मिनिटं धरली, तर वेळेत पोहोचू शकणाऱ्यांनाही विनाकारण थांबवलं जातं. नेस्मिथ उतार मोजत नाही. घसाऱ्याचा उतार असेल तर त्या तुकड्यावर सर्वात हळू पळणाऱ्या सोबत्याला घेऊन प्रत्यक्ष वेळ लावा.

अरुंद पायवाटेच्या तोंडावर दर दोन सेकंदांना एक माणूस आत जातो असं धरलं, तर 120 जणांना 4 मिनिटं लागतात आणि मागचे उभेच राहतात. म्हणून पायवाटेआधी किमान 800 मी रुंद रस्ता हवा. तो नसेल तर 30-30 जणांना 3 मिनिटांच्या अंतराने सोडा आणि प्रत्येक गटाची सुटण्याची वेळ वेगळी लिहून ठेवा.

खुणा

माणसं भरकटण्याचं सर्वात नेहमीचं कारण फिती कमी असणं हे नसतं, वळणानंतर फीत नसणं हे असतं. वळणाआधी 10-15 मीटरवर एक, वळणावर दोन, आणि वळण घेतल्यावर 20-30 मीटरच्या आत एक. चुकीच्या फाट्यावर आडवी फीत बांधा. सरळ वाटेवर 100 मीटरला एक पुरते, उघड्या पठारावर मात्र 30-40 मीटरला हवी. फिती संपूर्ण मार्गभर एकाच हाताला ठेवा. खडकाळ उतारावर नजर पायाखाली असते, तिथे डोळ्यांच्या उंचीवरची फीत दिसत नाही. ती गुडघ्याच्या उंचीवर बांधा.

हिरव्या झाडीत लाल आणि केशरी फीत ठळक वाटते, पण लाल-हिरवं रंगांधत्व असलेल्याला ती नीट वेगळी दिसत नाही. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फीत चालते. गुरं फिती खातात, माणसं काढून नेतात. म्हणून आदल्या संध्याकाळी बांधून पहाटे पुन्हा तपासायच्या, आणि तपासायला मार्ग आधी न पाहिलेला माणूस पाठवायचा. मार्ग ठाऊक असलेल्याला उणीव दिसत नाही. किती फिती बांधल्या ते लिहून ठेवलं की परत आलेल्या मोजता येतात.

माणसांची मोजणी

सगळ्यात महत्त्वाचा आकडा स्टार्ट लाइन ओलांडलेल्यांचा. नोंदणी केलेल्यांचा आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण काही जण येतच नाहीत. दोघांनी स्वतंत्रपणे डोकी मोजावीत. सुटलेले वजा पोहोचलेले वजा माघार घेतलेले, उत्तर शून्य यायलाच हवं, तोवर कोणतंही टेबल उचलायचं नाही. माघार घेणारा न सांगता घरी जातो आणि डोंगरात शोध सुरू होतो. त्यामुळे बिब (छातीवरचा क्रमांकाचा कागद) मार्शलच्या हाती दिल्याशिवाय माघार धरली जात नाही, हे सुरुवातीच्या सूचनांत दोनदा सांगा. बिबच्या मागे तातडीचा संपर्क क्रमांक लिहून घ्या.

फिनिशला एक जण फोनवर वेळ टिपतो, दुसरा कागदावर बिब क्रमाने लिहितो. बटण एकदा जास्त दाबलं गेलं की पुढचे सगळे निकाल एकेक ओळ सरकतात. दर दहाव्या धावपटूचा बिब आणि वेळ एकत्र लिहिली, तर चूक दहा ओळींच्या आत सापडते.

हवामान, पाणी, उपचार

22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतातल्या 100 किमीच्या शर्यतीत थंडी, पाऊस आणि वाऱ्याने 21 धावपटू दगावले. वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या सामानात नव्हतं आणि संकट ओढवलं ते उंचावरच्या, मदत पोहोचायला अवघड अशा टप्प्यावर. आपला मार्ग लहान असला तरी सामानाची यादी सर्वात उंच जागेच्या सर्वात वाईट हवामानावरून करा. शर्यत थांबवण्याचा अधिकार कोणा एकाकडे आहे, हे आधीच ठरलेलं असावं. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंद किंवा कमी अंतर असेल तर थांबवा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं जाऊ द्या.

मधल्या टेबलावर माणशी अर्धा लिटर धरून 20 टक्के जास्त पाणी ठेवा, म्हणजे 100 जणांना 60 लिटर. त्यातला पाव भाग शेवटच्या पंचवीस जणांसाठी बंद ठेवायचा. पाणी तहानेप्रमाणे प्यायला सांगा, आग्रह नको. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं. उन्हात कोसळलेला, असंबद्ध बोलणारा धावपटू दिसला तर मदत बोलावतानाच त्याला थंड पाण्याने गार करायला लागा. गाडीत घालण्याची घाई नंतर.

गाडी पोहोचेल अशा प्रत्येक जागेला क्रमांक द्या आणि तिचे अक्षांश-रेखांश मार्शलच्या कागदावर छापा. नेटवर्क नसलेले तुकडे आधी चालून शोधा. तिथे वॉकीटॉकी, आणि मध्ये कडा येत असेल तर निरोप पुढे देणारा माणूस उंचावर बसवा.

पुढच्या वेळी संख्या वाढवायची का, हे अर्ज किती आले यावर ठरवू नका. अरुंद तोंडाशी किती वेळ थांबावं लागलं, शेवटच्या धावपटूला पाणी मिळालं का आणि वजाबाकी पहिल्या फटक्यात शून्य आली का, हे तीन कागद पाहा. तिन्ही ठीक असतील तर वीसेक जण वाढवा.