तुम्ही विचारलंत म्हणून: सरांचे पुस्तक का राहिले

सरांच्या स्मृतिदिनाला, लग्नकार्यात, अगदी राजारामपुरीत भाजी घेताना गाठ पडली तरी तुम्ही मला एकच विचारता: गुऱ्हाळांवरचे पुस्तक सरांनी पूर्ण का केले नाही? मी त्यांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, म्हणून मला ठाऊक असणार. आजवर मी प्रकृतीचे कारण सांगत आले. सरांना मधुमेह होता. पण पुस्तक त्यामुळे थांबले नाही.

त्यांच्या शिकवण्याविषयी तुम्ही सर्वांनी लिहिले आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. या पुस्तकामागची तळमळ मात्र सांगायला हवी. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना यांच्यापासून सहकारी साखरेवर विपुल लिहिले गेले. पण शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली आणि जो गूळ कोल्हापूरच्या नावाने दूरवर गेला, तो काढणाऱ्याच्या पदरात खर्च वजा जाता काय उरते, हे कोणी नीट मोजले नाही, असे ते म्हणत. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांचा १९७१ चा दारिद्र्याचा अभ्यास ते वर्गात आदराने शिकवत, आणि लगेच विचारत की, उपभोगखर्चावरून गरिबी मोजली, पण उसाचा रस आटवण्याच्या चुलवाणापाशी रात्रभर राबणाऱ्या घरच्या माणसांची मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची? तो रकाना त्यांनी आमच्या प्रश्नावलीत घातला होता. सहा गावे आणि लागोपाठचे दोन हंगाम, असे ते काम होते.

दुसऱ्या हंगामात करवीर तालुक्यातले नदीकाठचे एक गाव माझ्याकडे होते. माझी पाठ्यवृत्ती पाच महिने थकली होती, आई अंथरुणाला खिळली होती, आणि शेवटची एसटी चुकली तर गावात मुक्कामाला घर नव्हते. ही कारणे खरी आहेत आणि मी ती आजही मागे घेत नाही. त्या गावातल्या बावीसपैकी नऊ गुऱ्हाळांवर मी गेलेच नाही. उरलेल्या तेरांच्या आकड्यांत थोडा फेर करून नऊ प्रश्नावल्या मी आईच्या उशाशी बसून भरल्या.

त्या प्रश्नावल्या सरांनी विभागात, माझ्यासमोरच वाचल्या. एका पानावर ते थांबले आणि म्हणाले, "अगं, या आठवड्यात अवकाळी पाऊस होता. जळणाचं उसाचं चिपाड भिजलं की चुलवाण पेटत नाही. मग इथं रोज रसाची पाच आधणं उतरली कशी?" मी गप्प राहिले. ते रागावले नाहीत. "अशा किती?" एवढेच त्यांनी विचारले, आणि मी नऊ काढून दिल्या. त्यानंतरच्या रविवारपासून, निवृत्तीला वर्ष उरलेले असताना, ते स्वतः एसटीने त्या गावी जाऊ लागले. तिसऱ्या रविवारी मी रंकाळा स्टँडवर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला पाहिले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "तू घरी जा. आईकडं बघ."

तोवर हंगाम संपला होता. लोक आठवून आकडे सांगत होते आणि आठवणीतले आकडे सर घेत नसत. अखेर त्यांनी ते अख्खे गाव तक्त्यातून काढले. माझ्या तेरा खऱ्या प्रश्नावल्याही गेल्या, कारण त्याही माझ्याच हातच्या होत्या. पुस्तकाची पुढची पाने त्यांनी लिहिली नाहीत.

तिशीत मी स्वतःला बजावत असे की, पाच गावांवर पुस्तक उभे राहिले असते, लिहून झालेले त्यांना कधीच पसंत पडत नसे आणि माझी चूक हे त्यांना सापडलेले निमित्त होते. आता माझ्याच विद्यार्थ्यांच्या प्रश्नावल्या तपासताना ते म्हणणे मला पटत नाही. पण सगळा दोष माझा, हेही पटत नाही. शिवाय त्यांनी माझ्या प्रबंधावर सही केली, नोकरीसाठी शिफारसपत्र दिले, आणि त्या गावाचा विषय माझ्यापाशी पुन्हा कधीच काढला नाही. स्टँडवरचे ते वाक्य मायेचे होते, की माझ्यावरचा विश्वास उडाल्याचे, हे शेवटच्या आजारपणात त्यांच्या खाटेशी बसूनही मी विचारू शकले नाही.

त्यांच्या वह्या घरच्यांनी माझ्याकडे दिल्या आहेत. त्या छापा, असे तुम्ही म्हणता. छापायच्या तर सहाव्या गावाविषयी एक टीप द्यावी लागेल, आणि ती मी तीनदा लिहून तीनदा फाडली आहे.